ग्लेनोरीजवळचे पाच एकरांवरील घर: घेण्याआधी काय पाहावे?

पिंपळपार

सर्वांना नमस्कार.

आम्ही सिडनीत वेस्टमीड येथे एका टाउनहाउसमध्ये राहतो. घरात आम्ही दोघे, आठवीत आणि चौथीत शिकणारी दोन मुले, आणि यंदापासून साताऱ्याहून कायमचे राहण्यास आलेले माझे सासू-सासरे अशी सहा माणसे आहेत. जागा अपुरी पडू लागल्यामुळे मोठ्या घराचा शोध सुरू केला आणि शोधता शोधता शहराच्या वायव्येकडील डुराल, केंटहर्स्ट, ग्लेनोरी या निमग्रामीण पट्ट्यात येऊन पोहोचलो. कॅसल हिलमधील चांगल्या घराच्या किमतीत बरीच भर घातली, तर येथे घराभोवती पाच एकर जमीन मिळते, ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

आम्हाला आवडलेले घर ग्लेनोरीच्या थोडे पुढे आहे. 1980च्या दशकातील विटांचे, एकमजली, चार बेडरूमचे घर असून पुढच्या बाजूला सपाट गवताळ जागा, मागे पत्र्याची मोठी शेड, एका कडेला शेततळे आणि त्यापलीकडे खाली ओढ्यापर्यंत उतरत गेलेले रान आहे. त्या रस्त्यावर नळाचे पाणी नाही. पावसाच्या पाण्याच्या दोन टाक्या आहेत. ड्रेनेजही नाही, सांडपाण्याची व्यवस्था जागेवरच केलेली आहे. सासऱ्यांनी सारी हयात शेतीत काढली असल्याने ते फार उत्साहात आहेत. घराच्या पायऱ्यांवर उभे राहून त्यांनी लिंबू कोठे, शेवगा कोठे, हेही ठरवून टाकले. मला मात्र पाणी, सांडपाणी आणि वणवा या तीन गोष्टींची धास्ती वाटते. शिवाय सासू-सासऱ्यांसाठी त्याच जागेत पुढेमागे एक छोटे स्वतंत्र घर बांधता येईल का, हाही प्रश्न आहे.

अशा घरात प्रत्यक्ष राहिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे. लिलाव लवकरच आहे.

---

टाकीवाला

नमस्कार. मी याच पट्ट्यात, नळ नसलेल्याच घरात, बऱ्याच वर्षांपासून राहतो, म्हणून पाणी आणि सांडपाणी या दोन गोष्टींपुरते लिहितो. वणव्याबद्दल येथे माझ्यापेक्षा अधिक जाणकार आहेत.

सर्वप्रथम एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी. वेस्टमीडला ज्या सेवा बिल भरले की आपोआप मिळतात, त्या येथे आपण स्वतः चालवायच्या असतात. कौन्सिलची गाडी कचऱ्याचे डबे रिकामे करते. बाकी पाणीपुरवठा, मलनिःसारण, झाडांची छाटणी, आतल्या रस्त्याची डागडुजी हे सगळे घरमालकाकडे असते. पाच एकरांवर राहणारा माणूस म्हणजे स्वतःच स्वतःची नगरपालिका, असे आम्ही गमतीने म्हणतो. पण पंप बंद पडतो त्या रात्री ती गंमत राहत नाही.

पाण्याचा हिशोब सोपा आहे आणि तो घर पाहतानाच करावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. घराचे छप्पर 300 चौरस मीटर धरले, तर एका मिलिमीटरला 300 लिटर. सहा माणसांनी काटकसरीने, माणशी 150 लिटर वापरले तरी दिवसाला 900 आणि महिन्याला 27,000 लिटर लागतात, म्हणजे दरमहा 90 मिलिमीटर पाऊस हवा. या भागात वर्षाचा पाऊस सरासरी हजार मिलिमीटरच्या आत-बाहेर असतो. म्हणजे सहा माणसांच्या घराला तो जेमतेम पुरतो आणि थोडी वाफ, थोडी गळती धरली की कमीच पडतो. शेडचे छप्परही टाक्यांना जोडलेले आहे का, हे म्हणूनच पाहावे. तेवढ्याने गणित बदलते.

आपल्याकडच्या माणसाला येथे एक वेगळी सवय लावून घ्यावी लागते. आपल्या मनात पावसाळा म्हणजे चार महिने आणि मग उरलेले आठ महिने साठ्यावर, असे बसलेले असते. येथे पाऊस वर्षभर विखरून पडतो, त्यामुळे टाकी अधूनमधून भरत राहते आणि माणूस निर्धास्त होतो. मात्र हिवाळ्याच्या अखेरीस, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, तो ओढ धरतो आणि कोरडे वर्ष आले की ती ओढ संपता संपत नाही. 2019 च्या दुष्काळात आमच्या रस्त्यावरचे सगळेच टँकर मागवू लागल्यामुळे पैसे देऊनही वाट पाहावी लागत असे. टाक्यांची एकूण क्षमता एक लाख लिटरच्या खाली असेल, तर तुमच्या कुटुंबासाठी आणखी एका टाकीचा खर्च किमतीत धरूनच चालावे. क्षमता एजंटला विचारू नये. टाकीचा व्यास आणि उंची मोजून स्वतः काढावी. पन्हळीवर जाळी आहे का, पहिल्या पावसाचे घाण पाणी बाजूला काढणारी व्यवस्था आहे का, टाकीच्या तोंडाशी डास शिरू नयेत अशी बारीक जाळी आहे का, आणि पिण्याच्या नळावर गाळणी आहे का, हेही पाहावे.

आता सांडपाणी. तेथे साधी सेप्टिक टाकी आणि शोषखड्ड्याचे चर आहेत, की हवा खेळवून पाणी शुद्ध करणारी यंत्रणा आहे, हे आधी विचारावे, कारण दोन्हींची देखभाल निराळी असते. दुसऱ्या प्रकारात टाकीत सतत हवा सोडणारा पंप असतो, शेवटच्या कप्प्यात क्लोरीनच्या गोळ्या असतात, आणि शुद्ध झालेले पाणी जांभळ्या पाइपांतून ठरवून दिलेल्या हिरवळीवर फवारले जाते. त्या हिरवळीवर मुलांनी खेळायचे नसते आणि भाजीपाला तर मुळीच लावायचा नसतो. तुमच्या सासऱ्यांनी शेवग्याची जागा ठरवण्यापूर्वी हा पट्टा नेमका कोठे आहे ते पाहिलेले बरे. अशा यंत्रणेची तपासणी साधारणपणे दर तीन महिन्यांनी अधिकृत तंत्रज्ञाकडून करून घ्यावी लागते आणि तिचा अहवाल कौन्सिलकडे जातो. विक्रेत्याकडून गेल्या दोन-तीन वर्षांचे अहवाल मागावेत. ते नसतील तर त्यावरूनच बरेच काही समजते. साध्या टाकीतला गाळही काही वर्षांनी उपसणाऱ्या गाडीकडून काढून घ्यावा लागतो. यंत्रणा चालवण्याची कौन्सिलची मंजुरी मालकाच्या नावाने असते, त्यामुळे खरेदीनंतर ती आपल्या नावाने घ्यावी लागते.

ही यंत्रणा बहुधा बेडरूमच्या संख्येवरून ठरवलेल्या क्षमतेची असते आणि 1980च्या दशकात ती ज्या कुटुंबासाठी बसवली, ते तुमच्यासारखे सहा जणांचे असेलच असे नाही. आपल्या स्वयंपाकाचाही तिच्यावर ताण येतो. तळणीचे उरलेले तेल, तुपकट कढई, डाळीचा गाळ हे सगळे मोरीतून गेले की वर जाड साय धरते आणि चर तुंबतात. म्हणून आमच्या घरी भांडी आधी कागदाने पुसतात आणि मगच विसळतात. जंतुनाशक द्रव आणि ब्लीच यांचा सढळ वापर केला, तर सांडपाणी कुजवणारे जिवाणूच मरतात. कपडे एकाच दिवशी चार फेऱ्यांत धुण्याऐवजी आठवडाभर वाटून धुवावेत. गणपतीला पन्नास माणसे जेवायला येणार असतील, तर आम्ही त्या दिवसापुरते भाड्याचे फिरते शौचालय सरळ अंगणात आणून उभे करतो. सुरुवातीला पाहुण्यांना ते चमत्कारिक वाटले. आता कोणी काही म्हणत नाही.

शेवटचा मुद्दा विजेचा. येथे तारा खांबांवरून, झाडांमधून जातात आणि वादळात वीज जाते. वीज गेली की पाण्याची मोटर बंद, म्हणजे नळ बंद आणि शौचालयाची टाकीही भरत नाही. छोटा जनरेटर किंवा उंचावर ठेवलेली एखादी टाकी यांपैकी काहीतरी असावेच. एनबीएनची, म्हणजे सरकारी ब्रॉडबँड इंटरनेटची, जोडणी कोणत्या प्रकारची आहे, हेही पत्ता घालून तपासावे. शेजारच्या रस्त्यावर एक असते आणि तुमच्या रस्त्यावर दुसरेच.

---

रानकडा

टाकीवाला यांनी पाण्याबद्दल इतके नेमके लिहिले आहे की त्यात भर घालण्यासारखे काही नाही. मी वणव्याबद्दल लिहितो.

हा सगळा पट्टा म्हणजे वर सपाट माथे आणि दोन्ही बाजूंना खडकाळ घळी असा आहे. माथ्यावर शेलची, म्हणजे थराथरांच्या मऊ खडकाची, बरी माती आहे. पूर्वी तेथेच संत्र्या-लिंबांच्या आणि इतर फळांच्या बागा होत्या. खाली उतरले की वालुकाश्म लागतो, माती हातभरही नसते आणि त्यात युकॅलिप्टसचे दाट रान असते. पाच एकरांतील जमीन पाहताना खरी वापरायची जमीन किती आणि घळ किती, हे वेगळे मोजावे. अनेक जागांत पाचांपैकी दोनच एकर उपयोगाचे निघतात. उरलेल्याचा देखावा सुरेख असतो आणि वणवा तेथूनच येतो.

तुम्ही लिहिले आहे की रान घरामागे ओढ्यापर्यंत उतरत गेले आहे. आग उतारावरून वर चढताना वेग घेते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग अंदाजे दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. तेव्हा होकायंत्र घेऊन उभे राहा आणि ती घळ घराच्या कोणत्या दिशेला आहे ते पाहा. सिडनीत उन्हाळ्यातले भाजून काढणारे वारे पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतात. घळ त्या बाजूला असेल, तर ते घर पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे घळ असलेल्या घरापेक्षा निश्चितच अधिक धोक्याचे आहे, मग जाहिरातीतले फोटो कितीही चांगले असोत.

2019-20 चा उन्हाळा येथे कोणी विसरलेले नाही. वोलेमाय राष्ट्रीय उद्यानात ऑक्टोबर 2019 मध्ये विजेमुळे लागलेला गॉस्पर्स माउंटनचा वणवा पाच लाखांहून अधिक हेक्टर जाळून गेला आणि हॉक्सबरीच्या बाजूला कित्येक आठवडे धुमसत राहिला. त्या मोसमात न्यू साउथ वेल्समध्ये 2,400 हून अधिक घरे गेली. ज्वाला भिंतीला येऊन भिडल्या म्हणून घर जळाले असे कमी वेळा घडते; बहुतेक घरे उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात, आणि त्या ठिणग्या पन्हळीतल्या वाळक्या पानांत, कौलांच्या फटीत, पायपुसण्यात किंवा भिंतीला लागून रचलेल्या लाकडांत पडतात. म्हणून घर पाहताना शिडी लावून पन्हळ पाहावी. पाने साचलेली पन्हळ ही त्या घराच्या देखभालीची प्रगतिपुस्तिकाच असते.

नव्या बांधकामाला किंवा वाढीव बांधकामाला बीएएल नावाची श्रेणी लागते: 12.5, 19, 29, 40 आणि सर्वांत वर फ्लेम झोन. हे आकडे घरावर पडणाऱ्या उष्णतेचे, दर चौरस मीटरला किलोवॉटमध्ये आहेत. 1980च्या दशकातील घर यांपैकी कोणत्याच निकषाने बांधलेले नसणार. त्यामुळे सासू-सासऱ्यांसाठी नवे छोटे घर बांधायचे ठरले, तर जागेची श्रेणी आधी काढून घ्यावी, कारण 12.5 आणि 40 यांच्या खिडक्या, दारे आणि भिंती यांच्या खर्चात पुष्कळ अंतर पडते आणि फ्लेम झोनमध्ये तर बेतच बदलावा लागतो.

झाडे तोडण्याबद्दल येथे पुष्कळ गैरसमज आहेत. जो भाग 10/50 नियमाखाली येतो, तेथे घरापासून 10 मीटरपर्यंतची झाडे आणि 50 मीटरपर्यंतची खालची झुडपे, पण मोठी झाडे नव्हेत, परवानगीशिवाय काढता येतात. त्या नियमालाही अटी आहेत आणि तुमचा पत्ता त्यात येतो का, हे रूरल फायर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्यापलीकडे हात लावण्याआधी कौन्सिलला विचारावे, कारण माथ्यावरचे ब्लू गमचे उंच रान हे अतिसंकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे आणि विनापरवाना तोडीला मोठा दंड होतो. याउलट घाणेरी, म्हणजे आपल्या सह्याद्रीत माजलेली तीच लँटाना, येथेही माजते. ती आटोक्यात ठेवणे ही जमीनमालकाचीच जबाबदारी मानली जाते. घळीत ती किती पसरली आहे ते पाहा. ती काढण्याचे काम एका हिवाळ्यात संपत नाही.

सासऱ्यांना एक गोष्ट आजच समजावून सांगावी. आपल्याकडे पालापाचोळा गोळा करून काडी लावण्याची पद्धत आहे. येथे तसे करायचे नसते. 1 ऑक्टोबर ते 31 मार्च हा वणव्याचा मोसम असतो, त्या काळात उघड्यावर जाळण्यासाठी परवाना लागतो, इतर महिन्यांतही कौन्सिलचे नियम पाळावे लागतात आणि पूर्ण आगबंदीच्या दिवशी परवानाही चालत नाही.

पाण्याच्या टाक्यांपैकी काही पाणी आगीसाठी राखून ठेवलेले असावे. एक हेक्टरहून मोठ्या जागेवरील नव्या बांधकामासाठी 20,000 लिटरचा निकष लावला जातो आणि टाकीला अग्निशमन दलाचा पाइप जोडता येईल असे 65 मिलिमीटरचे स्टॉर्झ कपलिंग लागते. टाकी प्लॅस्टिकची आहे की लोखंडाची वा काँक्रीटची, हेही पाहावे. वणव्याच्या झळीने प्लॅस्टिकची टाकी मऊ होऊन फुटते आणि नेमकी गरज असताना पाणी जमिनीत जाते. मोटर विजेवर चालत असेल, तर आगीच्या वेळी ती बंदच असणार असे धरून डिझेलचा किंवा पेट्रोलचा वेगळा पंप ठेवावा.

विम्याचे मात्र लिलावाच्या आधी करावे, नंतर नव्हे. पत्ता देऊन दोन-तीन कंपन्यांकडून लेखी दर घ्यावेत आणि घर पूर्ण नव्याने बांधण्याचा आजचा खर्च, त्यात बीएएलचा वाढीव खर्च आणि शेड व कुंपणही धरून, विम्याची रक्कम ठरवावी. बँकेला विमा लागतोच. हप्ता इतका असू शकतो की घराचा महिन्याचा हिशोबच बदलेल.

धोक्याच्या दिवसांची श्रेणी सप्टेंबर 2022 पासून चार पायऱ्यांची आहे. सर्वांत वरची, म्हणजे कॅटस्ट्रॉफिक, जाहीर झाली की वेळेवर बाहेर पडणे एवढाच उपाय असतो. तशा दिवशी टिकून राहील असे घर तेथे कोणाचेच बांधलेले नसते. तुम्ही दोघे कामावर, मुले शाळेत आणि घरात गाडी न चालवणारे दोन वृद्ध, असा तो दिवस उजाडला तर त्यांना कोण, किती वाजता आणि कोणत्या रस्त्याने बाहेर नेणार, हे कागदावर लिहून ठेवावे. ओल्ड नॉर्दर्न रोडला पर्याय फारसे नाहीत.

---

हिशेबनीस

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण दोन्ही जमिनीबद्दल आहेत. मी माणसांबद्दल थोडक्यात लिहितो. आम्ही केंटहर्स्टला काही वर्षे राहिलो आणि मुले मोठी झाल्यावर कॅसल हिलला परतलो.

तेथे सकाळी दुधासाठीसुद्धा गाडी काढावी लागते. आठवीतली मुलगी दोन वर्षांत दहावीत जाईल. शिकवणी, मैत्रिणी, क्रिकेट, मराठी शाळा या सगळ्यांसाठी आई-वडिलांपैकी एक जण कायम चालकाच्या जागेवर असतो. मेट्रोमुळे शहरात जाणे 2019 पासून सोपे झाले आणि ऑगस्ट 2024 पासून ती थेट सिडनहॅमपर्यंत जाते, पण ती कॅसल हिलहून पुढे. कॅसल हिलपर्यंतचा रस्ता तुमचाच आणि सकाळी तो भरलेला असतो. बस आहे, मात्र तिच्या वेळापत्रकावर नोकरी बांधता येत नाही.

सासऱ्यांचा प्रश्न जमीन सोडवेल. सासूबाईंचा दिवस कसा जाईल, हे कोणी त्यांना विचारले आहे का? वेस्टमीडला त्या चालत दुकानात जातात, बाकावर मराठी, गुजराती, तमिळ बोलणारी माणसे भेटतात. ग्लेनोरीत शेजारी चांगले असतात, पण शेजारी दोनशे पावलांवर आणि फाटकाच्या आत. आमच्या आईला तेथे एकटेपणा आला तो कोणी वाईट वागले म्हणून नव्हे, तर दिवसभर दाराशी कोणी येतच नसे म्हणून.

पाच एकर म्हणजे दोनशे गुंठे. त्यातले सपाट गवत उन्हाळ्यात दर आठवड्या-पंधरवड्याला कापावे लागते आणि त्यासाठी बसून चालवायचे यंत्र लागते. ज्यांना ते काम आवडते, त्यांच्यासाठी हे घर उत्तम आहे. ज्यांना फक्त मोकळी जागा आवडते, त्यांच्यासाठी दोन हजार चौरस मीटरची जागा पुरेशी असते आणि तशाही या भागात मिळतात. शक्य असेल, तर त्याच परिसरात वर्षभर भाड्याने राहून पाहावे.

शेततळ्याला कुंपण आहे का? पोहण्याच्या तलावाला येथे कायद्याने कुंपण लागते, म्हणून सगळे तेथे सावध असतात. तळ्याच्या निसरड्या काठाकडे कोणाचे लक्ष जात नाही. साप दिसतील, विशेषतः तळ्याजवळ लाल पोटाचे काळे आणि गवतात तपकिरी. त्यांना मारणे बेकायदा आहे, सर्पमित्राचा क्रमांक फ्रिजवर लावून ठेवावा.

---

पिंपळपार

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. घळ घराच्या पश्चिमेला आहे, हे नकाशावर पाहिले. सासूबाईंना विचारले, त्या म्हणाल्या, "मला कुठेही चालेल, पण स्वयंपाकघर माझे वेगळे असू दे." त्यामुळे स्वतंत्र छोट्या घराचा प्रश्न आता सर्वांत आधी सोडवायला हवा. एजंटचे म्हणणे असे की मागच्या शेडमध्ये मोरी आणि शौचालय आधीच आहे, तिलाच घर करता येईल. शिवाय पुढेमागे या भागाचे झोनिंग बदलले की जमिनीचे तुकडे पाडून विकता येतील. यात कितपत तथ्य आहे?

---

खरेदीखत

मी मालमत्ता-खरेदीच्या कागदपत्रांचे काम करतो. हा कायदेशीर सल्ला नाही; तो तुमच्या सॉलिसिटरकडून घ्यावाच.

झोनिंगपासून सुरुवात करू. आपल्याकडे प्लॉट घेताना पहिला प्रश्न "एनए आहे का?" हा असतो, येथे तसाच पहिला प्रश्न झोनचा. तुमची जागा बहुधा आरयू2 किंवा आरयू6 अशा ग्रामीण झोनमध्ये असेल आणि त्या झोनला किमान क्षेत्राची मर्यादा असते. मर्यादा दोन हेक्टर असेल, तर पाच एकरांचे दोन तुकडे पडत नाहीत. आपल्या तुकडेबंदीसारखाच हा प्रकार आहे. झोनिंग बदलत नाही असे नाही. बॉक्स हिल आणि नॉर्थ केलीविल येथे अशाच पाच-पाच एकरांच्या जागा होत्या आणि आज तेथे दाटीवाटीने घरे आहेत. पण ते शासनाने ठरवून, पाणी आणि ड्रेनेजच्या योजनेसह केलेले बदल होते. घळी आणि वणव्याचा धोका असलेल्या, ड्रेनेज नसलेल्या माथ्यावर तसे होईलच, या आशेवर आज एक डॉलरही जास्त देऊ नये. ज्या जागेबद्दल एजंट असे सांगतो, त्या आशेची किंमत विक्रेत्याने मागणीत आधीच धरलेली असते.

दुसरे घर: निवासी झोनमध्ये 60 चौरस मीटरपर्यंतचे दुय्यम घर राज्याच्या नियमांखाली तुलनेने सोप्या मार्गाने मंजूर होते. ग्रामीण झोनमध्ये मात्र तो निर्णय त्या त्या कौन्सिलच्या स्थानिक आराखड्यावर अवलंबून असतो. परवानगी आहे का, क्षेत्रफळ किती आणि ते मुख्य घराला जोडून हवे की अलग चालते, हे सगळे त्यात दिलेले असते. ग्लेनोरीचा काही भाग हिल्स कौन्सिलमध्ये आणि काही हॉर्न्सबीत येतो, त्यामुळे रस्त्याच्या एका बाजूचा नियम दुसऱ्या बाजूला लागू होईलच असे नाही. आपला पत्ता देऊन कौन्सिलच्या नियोजन अधिकाऱ्याला प्रत्यक्ष विचारावे, आणि त्याच वेळी सांडपाण्याची यंत्रणा दोन घरांचा भार घेईल का, हेही विचारावे. वालुकाश्मावर माती उथळ असते. फवारणीसाठी पुरेसे क्षेत्र नसेल, तर बांधकामाचा अर्ज तेथेच अडतो.

करारासोबत 10.7 चा नियोजन दाखला जोडलेला असतो. त्यात झोन, वणवा आणि पूर यांची नोंद असते. पाचव्या उपकलमाखालील अधिकची माहिती मात्र वेगळी मागवावी लागते आणि ती मागवावीच. या भागात पूर्वी बागा होत्या, म्हणून जुन्या कीटकनाशकांचे अंश मातीत असू शकतात. कोणी बाहेरून भराव आणून टाकला असेल, तर त्यात अॅस्बेस्टॉसचे तुकडे निघण्याच्या घटनाही सिडनीच्या परिसरात घडल्या आहेत. तळ्याचा बांध किंवा सपाट केलेली जागा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वेगळ्या रंगाची दिसली, तर माती तपासून घ्यावी. घर आणि शेड 1990 पूर्वीचे असल्यास छताच्या कडा, धुण्याची खोली आणि शेडच्या भिंती अॅस्बेस्टॉसच्या असू शकतात. त्यावर पूर्ण बंदी आली ती 2003 च्या अखेरीस. वाळवीची तपासणी वेगळी करून घ्यावी, कारण घराच्या विम्यात वाळवीचे नुकसान सहसा धरत नाहीत.

कराबद्दल एक बारीक गोष्ट. राहत्या घराला भांडवली नफ्यावरील करात जी सूट मिळते, ती घराखालच्या जमिनीसह दोन हेक्टरपर्यंतच असते. पाच एकर म्हणजे 2.02 हेक्टर. वरचा तुकडा किरकोळ आहे, परंतु मोजणीत क्षेत्र अडीच हेक्टर निघाले तर तो किरकोळ राहत नाही. म्हणून जाहिरातीतला आकडा सोडून नोंदणीतील क्षेत्र पाहावे. कर्ज देताना काही बँका जमिनीचा काही भागच मूल्यांकनात धरतात, हेही आधी विचारून घ्यावे.

आणि लिलाव आहे, म्हणून वेळेचे भान ठेवावे. साध्या खरेदीत न्यू साउथ वेल्समध्ये पाच कामकाजाच्या दिवसांचा फेरविचाराचा काळ मिळतो. लिलावात तो मिळत नाही. हातोडा पडला की सही आणि अनामत, मग तपासणी करून उपयोग नाही.

---

पिंपळपार

कौन्सिलमध्ये फोन केला होता. शेडला परवानगी आहे, पण आतील मोरी आणि शौचालय यांची कोठेही नोंद नाही. विक्रेत्याचा एजंट म्हणतो की "येथे सगळ्यांचेच असे असते." यावर काय करावे?

---

खरेदीखत

सगळ्यांचे तसे असते हे बऱ्याच अंशी खरे आहे आणि त्याने तुमचा काहीही फायदा होत नाही. नोंद नसलेले शौचालय म्हणजे त्याचे सांडपाणी कोठे जाते हेही कोणाला ठाऊक नाही, हा पहिला धोका. आणि खरेदीनंतर कौन्सिलने नोटीस काढली, तर ती नव्या मालकाच्या नावाने निघते, हा दुसरा.

विक्रेत्याला लेखी कळवावे की त्याने लिलावापूर्वी कौन्सिलकडून बिल्डिंग इन्फर्मेशन सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या बांधकामावर कौन्सिल कारवाई करणार नाही असा दाखला, मागवावे, किंवा ते बांधकाम स्वखर्चाने काढून टाकण्याचे कलम करारात घालावे. दोन्हींना नकार मिळाला, तर प्लंबरकडून त्या शौचालयाचा पाइप कोठवर जातो ते रंग सोडून तपासून घ्यावे, यंत्रणा नव्याने बसवण्याचा अंदाजपत्रकी खर्च लेखी घ्यावा आणि तो तुमच्या बोलीच्या कमाल रकमेतून वजा करावा. शेडमध्ये घर करण्याचा विचार मात्र आत्ताच सोडून द्यावा. राहण्यासाठी बांधलेल्या घराला लागणारे आगीचे, उष्णतारोधाचे आणि उंचीचे निकष पत्र्याच्या शेडला लावायचे म्हटले, तर नवे बांधणे स्वस्त पडते.